डाउनलोड झालं, पण खेळ दिसत नाही

वडोदऱ्यात कॉम्प्युटरवर खेळणाऱ्यांची वानवा नाही. एखाद्या ऑफिसातून निघालेला जुना कॉम्प्युटर घ्यायचा, रॅम वाढवायची, जमलं तर स्वस्तातलं ग्राफिक्स कार्ड बसवायचं, आणि दिवाणखान्याच्या कोपऱ्यात संसार मांडायचा. अशा मशीनसाठी मुक्त स्रोत खेळ ही पर्वणी असायला हवी. पैसे नाहीत, परवान्याची कटकट नाही, आत डोकावून बदल करायची मोकळीक. तरीही हे खेळ खेळणारे इथे हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच भेटतात. खेळ कमअस्सल आहेत म्हणून नव्हे. बरेच जण खेळापर्यंत पोचतच नाहीत, डाउनलोडपाशीच थांबतात.

एकाच हत्याराबद्दल नीट बोलतो, म्हणजे हवेत बोलणं होणार नाही. 1997 साली ‘टोटल ॲनिहिलेशन’ नावाचा एक गाजलेला युद्धखेळ आला होता. त्याच्या चाहत्यांनी पुढे स्वतःचं इंजिन, म्हणजे खेळ चालवणारा मूळ प्रोग्राम, लिहिलं, त्याचं नाव स्प्रिंग. आज त्या इंजिनाची रिकॉइल नावाची शाखा जोमात आहे आणि ‘बियॉन्ड ऑल रीझन’ हा खेळ तिच्यावर चालतो. ‘झिरो-के’ही याच घराण्यातला. खेळ, नकाशे, इंजिनाच्या आवृत्त्या हे सगळं उतरवून आणायला या मंडळींकडे पीआर-डाउनलोडर नावाचा एक छोटा कमांड-लाइन, म्हणजे टर्मिनलच्या खिडकीत हुकूम टंकून चालवायचा, प्रोग्राम आहे. सी++ मध्ये लिहिलेला, आत फायली नेटवरून आणणारी लिबकर्ल. तुम्ही टर्मिनल कधी उघडलं नसेल, नुसतं खेळ सुरू करून देणाऱ्या लाँचरचं बटण दाबलं असेल, तरी पडद्यामागे बहुधा राबतो तो हाच. म्हणून त्याचे गुणदोष सगळ्यांच्याच वाट्याला येतात.

आधी त्याचं मोठेपण सांगतो, कारण ते खरोखर मोठं आहे. खेळ म्हणजे हजारो लहान फायली: पोत (वस्तूंच्या पृष्ठभागाची चित्रं), आवाज, मॉडेलं, लुआ या भाषेतल्या स्क्रिप्टा. खेळ जवळपास रोज बदलतो, पण रोज त्यातल्या मूठभर फायलीच बदलतात. मग दर वेळी अख्खा खेळ का ओढायचा? यासाठी रॅपिड नावाची पद्धत आहे. प्रत्येक फाइलच्या मजकुरावरून तिचा एमडी5, म्हणजे जणू बोटाचा ठसा, काढतात. तो 16 बाइटचा, म्हणजे 32 अक्षरांचा आकडा असतो. फाइल जीझिपने दाबून (आकाराने लहान करून) ‘पूल’ नावाच्या फोल्डरात ठेवली जाते. एमडी5ची पहिली दोन अक्षरं हे उपफोल्डरचं नाव, उरलेली 30 अक्षरं हे फाइलचं. ही अक्षरं 0 ते 9 आणि ए ते एफ अशी सोळाच, त्यांच्या दोन-दोनच्या 256 जोड्या होतात, म्हणून 00 पासून एफएफपर्यंत 256 उपफोल्डर. दोन आवृत्त्यांत एखादी फाइल सारखीच असेल तर तिचा एमडी5ही सारखाच, त्यामुळे ती डिस्कवर एकदाच राहते आणि एकदाच उतरते.

मग खेळ कुठे आहे? ‘पॅकेजेस’ फोल्डरात एसडीपी नावाची एक छोटी फाइल असते. ती नुसती यादी. प्रत्येक नोंदीत एक बाइट नावाची लांबी, मग नाव, मग 16 बाइट एमडी5, 4 बाइट सीआरसी (फाइल धड आहे का ते पडताळायचा आकडा) आणि 4 बाइट आकार. इंजिन ही यादी वाचतं आणि पूलमधून फायली उचलतं. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत काचेच्या जमिनीवरच्या त्या लोखंडी कपाटांमध्ये पुस्तक क्रमांकाने लागलेलं असतं; सूची हातात नसेल तर हवं ते पुस्तक समोर असूनही सापडायचं नाही. पूल आणि एसडीपीचं नातं नेमकं असंच आहे.

इथूनच पहिला घोळ सुरू होतो. माणूस कमांड देतो, टक्के 100 होतात, प्रोग्राम बंद होतो. तो ‘गेम्स’ फोल्डर उघडून बघतो, तर रिकामा. साहजिकच त्याला वाटतं की काहीतरी बिनसलं. बिनसलेलं काहीच नसतं. रॅपिडने आलेला खेळ ‘गेम्स’मध्ये कधी येतच नाही, तो पूल आणि पॅकेजेस यांच्यात विभागलेला असतो. मग शोधताशोधता पूल सापडतो: अनाकलनीय नावांचे 256 फोल्डर आणि आत तसल्याच लांबलचक नावांच्या फायली. बिचाऱ्याला तो कचरा वाटतो, एखाद्याला व्हायरसही. तो सगळं पुसतो आणि पहिल्यापासून सुरू करतो. उतरून आलेला सगळा डेटा वाया. ‘खेळ पूलमध्ये ठेवला आहे, इंजिन आपोआप शोधेल, हा फोल्डर पुसू नका’ एवढं एक वाक्य शेवटी छापलं असतं तर हे टळलं असतं.

आता प्रत्यक्ष कमांड बघू. टंकायची रोमन अक्षरांतच, इथे देवनागरीत लिहितो (बार आणि बीवायएआर ही ‘बियॉन्ड ऑल रीझन’ची छोटी नावं):

पीआर-डाउनलोडर --फाइलसिस्टम-राइटपाथ "डी:\गेम्स\बार" --डाउनलोड-गेम बीवायएआर:टेस्ट

नकाशासाठी शेवटच्या भागाऐवजी --डाउनलोड-मॅप आणि पुढे अवतरणचिन्हांत नकाशाचं नाव. दिसायला सोपं आहे, पण यातल्या प्रत्येक तुकड्यात एकेक खड्डा आहे.

राइटपाथ, म्हणजे फायली कुठे लिहायच्या तो पत्ता, दिलाच नाही तर प्रोग्राम स्वतःच्या ठरलेल्या जागी लिहितो. विंडोजवर ती जुनी जागा ‘डॉक्युमेंट्स’मधल्या ‘माय गेम्स’च्या आत, लिनक्सवर होम फोल्डरात ‘.स्प्रिंग’ या लपलेल्या नावाने. तुमचं लाँचर मात्र भलत्याच फोल्डरात बघत असतं. लिनक्सवर फ्लॅटपॅक या पॅकेज पद्धतीने बसवलं असेल तर त्याचं जग ‘.व्हार’ फोल्डरातल्या ‘ॲप’च्या आत. म्हणजे डाउनलोड यशस्वी, खेळ अदृश्य. यावर उपाय एकच: लाँचरमधून त्याचा डेटा फोल्डर उघडा, तिथे ‘पूल’ आणि ‘पॅकेजेस’ शेजारीशेजारी दिसतात का ते पाहा, आणि त्या दोघांना पोटात घेणाऱ्या फोल्डरचाच पत्ता राइटपाथला द्या. पूलचा पत्ता द्यायचा नाही, त्याच्या आईचा द्यायचा.

विंडोजवर तो पत्ता लिहिताना शेवटी उलटी तिरकी रेघ टाकून अवतरणचिन्ह बंद केलं की आणखी एक संकट. उलटी रेघ आणि लगेच अवतरणचिन्ह या जोडीचा अर्थ ‘हे चिन्ह शब्दाचाच भाग आहे’ असा लावला जातो. परिणामी अवतरण बंदच होत नाही आणि पुढची सगळी कमांड पत्त्यात गिळली जाते. म्हणून शेवटी रेघ नकोच. लिनक्सवर याचं भावंड म्हणजे होम फोल्डरचं ते लाटेसारखं चिन्ह, टिल्डा. अवतरणचिन्हांच्या आत ते उलगडत नाही. मग टिल्डा याच नावाचा खराखुरा फोल्डर तयार होऊ शकतो, आणि खरा धोका तर त्याच्या पुढे आहे. तो नको असलेला फोल्डर पुसायला कुणी आरएम -आर ही फोल्डर पुसायची कमांड आणि टिल्डा असं लिहिलं, तर आता ते चिन्ह उलगडतं आणि पुसलं जातं अख्खं होम. असा फोल्डर पुसायचाच असेल तर आधी टिंब आणि तिरकी रेघ लावून, मग टिल्डा लिहून पुसावा. टिल्डा शब्दाच्या सुरुवातीला नसेल तर शेल (कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) त्याला हात लावत नाही.

पुढे नाव. ‘बीवायएआर:टेस्ट’ हा टॅग आहे, नाव नव्हे. तो आज एका आवृत्तीकडे बोट दाखवतो, उद्या दुसरीकडे. (‘टेस्ट’ शब्दाने बिचकू नका, रोजचा खेळ त्याच टॅगवर चालतो.) खेळाचं पूर्ण नाव मात्र लांबलचक असतं, त्यात बांधणीचा क्रमांक आणि कोडमधले बदल नोंदवणाऱ्या गिटमधल्या खुणेचा तुकडाही येतो. जुना रीप्ले पाहायचा असेल तर टॅग कामाचा नाही, ती नेमकी आवृत्तीच हवी. अनेकांनी मिळून खेळायच्या सामन्यातही हीच गोष्ट. या खेळांत प्रत्येकाच्या मशीनवर सगळी गणितं स्वतंत्रपणे होतात आणि ती तंतोतंत जुळावी लागतात. एकाच्याच आवृत्तीत फरक असला तरी तो बाकीच्यांपासून तुटतो. नावाबद्दलचा हा काटेकोरपणा म्हणूनच हट्टाचा नाही, गरजेचा आहे. माझी तक्रार एवढीच की नाव चुकलं की प्रोग्राम ‘सापडलं नाही’ म्हणून मोकळा होतो. काय शोधलं, कोणत्या सर्व्हरवर शोधलं, जवळपासचं एखादं नाव होतं का, यातलं काही हाती लागत नाही.

नकाशांचं तर विशेषच. नकाशाची फाइल एसडी7 किंवा एसडीझेड असते, म्हणजे मुळात 7-झिप किंवा झिप. पण फाइलचं नाव वेगळं आणि नकाशाचं नाव वेगळं. खरं नाव आतल्या ‘मॅपइन्फो’ नावाच्या लुआ फाइलमध्ये लिहिलेलं असतं. फाइलच्या नावात सगळी लहान अक्षरं आणि शब्दांमध्ये अधोरेखा. नकाशाच्या नावात मोठी अक्षरं, मोकळ्या जागा आणि शेवटी आवृत्ती, जसं ‘कॉमेट कॅचर रीमेक 1.8’. प्रोग्रामला लागतं ते हे दुसरं. ते अवतरणचिन्हांत दिलं नाही तर शेल त्याचे चार तुकडे करतं आणि प्रोग्राम ‘कॉमेट’ नावाचा नकाशा शोधत बसतो. आवृत्तीच्या आधी व्ही आहे की नाही, हेही नकाशागणिक बदलतं. लॉबीत (सामने जुळवायच्या खिडकीत) किंवा नकाशांच्या यादीत दिसेल ते नाव उचलून जसंच्या तसं चिकटवावं, आठवणीतून टंकू नये. आणि इंजिन नकाशांचा फोल्डर सुरू होतानाच वाचतं, त्यामुळे खेळ चालू असताना आणलेला नकाशा यादीत दिसला नाही तर तो पुन्हा उतरवू नका, खेळ बंद करून उघडा.

सर्वांत जास्त छळ होतो तो वाट पाहण्यात. दांडिया बाजारातल्या घरात असो की मांजलपूरच्या फ्लॅटमध्ये, पोरगा स्क्रीनकडे बोट दाखवून एकच विचारतो, “काका, हे अडकलंय की चालू आहे?” आकडा 37 टक्क्यांवर खिळलेला. या प्रश्नाचं उत्तर स्क्रीनवर असायला हवं आणि ते नसतं. म्हणून ते दुसरीकडून काढावं लागतं. लिनक्सवर दुसरी टर्मिनल उघडून पूलवर डीयू ही फोल्डरचा आकार मोजणारी कमांड चालवा, दर पाच सेकंदांनी आकडा बघायला ती पुन्हापुन्हा चालवणारी वॉच जोडा. आकडा वाढतोय म्हणजे काम चालू आहे. विंडोजवर टास्क मॅनेजरमधला नेटवर्कचा रकाना तेच सांगतो. मिनिटभर दोन्ही ढिम्म असतील तर खुशाल कंट्रोल-सी दाबून प्रोग्राम थांबवा.

आणि कंट्रोल-सी दाबून काही बुडत नाही, ही गोष्ट मला ओरडून सांगावीशी वाटते. पूलमध्ये आलेली प्रत्येक फाइल आपल्या जागी पोचलेली असते. पुढच्या वेळी प्रोग्राम यादी आणि पूल ताडून पाहतो आणि उरलेल्याच फायली मागतो. मागण्याची पद्धतही देखणी आहे. यादीतल्या प्रत्येक फाइलसाठी एक बिट, हवी असेल तर 1, नको असेल तर 0. यादीत 8,000 फायली असतील तर सगळी मागणी 1,000 बाइटमध्ये मावते, तीही पुन्हा जीझिपने दाबून जाते. सर्व्हर हव्या त्या फायली एकामागून एक ओतत राहतो आणि प्रत्येकीच्या आधी चार बाइटमध्ये तिची लांबी सांगतो. जोडणी मध्येच तुटली तर नुकसान फार तर हातातल्या त्या एका फाइलचं. इतकी चांगली सोय आत आहे आणि तिची वाच्यता कुठे नाही, म्हणून लोक तुटलेलं डाउनलोड ‘नीट’ करायला पूल पुसतात आणि जे राखायचं तेच घालवतात.

ओतण्याच्या या पद्धतीला एक पर्याय आहे. प्रत्येक फाइल सीडीएनवरून, म्हणजे ठिकठिकाणी प्रती ठेवणाऱ्या सर्व्हरांवरून, सुटी मागवायची. त्यासाठी पर्यावरण चल (एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, प्रोग्राम सुरू होताना वाचतो त्या सूचना) द्यावे लागतात: पीआरडी_रॅपिड_यूज_स्ट्रीमर याला ‘फॉल्स’ आणि पीआरडी_रॅपिड_रेपो_मास्टर याला त्या खेळाच्या यादीचा पत्ता. लाँचर हे गुपचूप देतं. हाताने कमांड चालवणाऱ्याला ते ठाऊक नसतं, म्हणून तीच कमांड लाँचरमधून वेगाने चालते आणि टर्मिनलमधून रखडते किंवा दुसऱ्याच सर्व्हरकडे जाते. विंडोजवर इथे आणखी एक सापळा. साध्या कमांड प्रॉम्प्टमध्ये सेट लिहून चल देता येतो. पॉवरशेल या विंडोजच्याच दुसऱ्या टर्मिनलमध्ये तीच ओळ कुरबुर न करता स्वीकारली जाते, पण तिथे सेटचा अर्थ वेगळा असल्यामुळे प्रोग्रामपर्यंत काहीच पोचत नाही. पॉवरशेलमध्ये डॉलरचिन्ह, एन्व्ह, अपूर्णविराम, मग चलाचं नाव, बरोबरचं चिन्ह आणि अवतरणात किंमत, असं द्यावं लागतं. शिवाय चालू फोल्डरातला प्रोग्राम चालवायचा तर नावाआधी टिंब आणि उलटी रेघ. आणि एक पाहून घ्या: इंजिनाच्या प्रत्येक आवृत्तीबरोबर तिचा स्वतःचा पीआर-डाउनलोडर येतो. तीन इंजिनं बसवली असतील तर डिस्कवर तीन डाउनलोडर, वेगवेगळ्या वयाचे. वापरायचा तो सर्वांत नवा.

सुट्या फायलींच्या बाबतीत अंतर भोवतं. समजा सर्व्हर दूर आहे आणि एका विचारणेला उत्तर यायला 150 मिलिसेकंद लागतात. 10,000 फायली एकीनंतर एक मागवल्या तर नुसती विचारपूस करण्यात 1,500 सेकंद, म्हणजे 25 मिनिटं जातील, मग फायबर कितीही जाड असो. एकाच वेळी अनेक मागण्या पाठवणारा डाउनलोडर हे टाळतो. ‘माझं नेट 100 एमबीपीएस आहे, मग वेग इतकाच का?’ याचं उत्तर बहुधा इथे असतं. उरलेलं उत्तर अँटिव्हायरसमध्ये, कारण तो येणारी प्रत्येक चिमुकली फाइल उघडून तपासतो. पूल ‘डॉक्युमेंट्स’मध्ये असेल आणि वनड्राइव्ह चालू असेल तर त्या हजारो फायली वर चढवायचा उद्योगही त्याच वेळी सुरू होतो. डेटा फोल्डर वनड्राइव्हच्या बाहेर, सरळ एखाद्या ड्राइव्हवर, रोमन अक्षरांच्या छोट्या पत्त्यावर ठेवा. वापरकर्त्याचं नाव मराठीत किंवा गुजरातीत असलं की त्या नावाच्या फोल्डरातला पत्ता जुन्या प्रोग्रामांना वाचता येत नाही, ही अडचणही त्याने टळते.

ज्यांच्याकडे फायबर नाही, फोनचा हॉटस्पॉट आहे, त्यांचा विचार या हत्यारांत सर्वांत कमी झालेला आहे. रोजचा कोटा दीड किंवा दोन जीबी. तो संपला की वेग 64 केबीपीएसवर येतो, म्हणजे सेकंदाला 8 किलोबाइट. त्या वेगाने एक जीबी उतरायला जवळपास 35 तास लागतात. अशा माणसाला सुरुवातीलाच कळायला हवं की आता किती उतरणार आहे. डेबियन किंवा उबुंटू या लिनक्सवर सॉफ्टवेअर बसवणारं ॲप्ट वापरणाऱ्यांना ही सवय आहे: इतके एमबी आणावे लागतील, डिस्कवर इतकी जागा लागेल, पुढे जाऊ का? दोन ओळी आणि एक प्रश्न. पीआर-डाउनलोडरला हे अशक्य मुळीच नाही. एसडीपी हातात आली की प्रत्येक फाइलचा मूळ आकार त्याच्याकडे असतो, पूलमध्ये काय आहे हेही त्याला दिसतं. दाबलेला आकार नेमका सांगता आला नाही तरी ‘जास्तीत जास्त इतकं’ असं म्हणता येतं. आज हे स्वतः काढायचं तर --डंप-एसडीपी या पर्यायाने यादी छापून आकारांची बेरीज करावी लागते. नवशिक्याकडून ही अपेक्षा ठेवणं मला अन्यायाचं वाटतं. मुक्त सॉफ्टवेअर सर्वांसाठी आहे म्हणायचं आणि ज्याचा प्रत्येक मेगाबाइट मोजूनमापून येतो त्यालाच अंधारात ठेवायचं, हे पटत नाही.

वीज गेली, डिस्क भरली, तर अर्धवट फाइल पूलमध्ये राहू शकते. पावसाळ्यात विश्वामित्री नदी चढली की शहराच्या कित्येक भागांत वीज जाते, तेव्हा हे इथे नवलाचं नाही. मग खेळ सुरू होताना कोसळतो आणि लॉगमध्ये (खेळाच्या नोंदींच्या फाइलमध्ये) कुठल्याशा पोताचं नाव दिसतं. डाउनलोडचा संशयही येत नाही, कारण नाव आणि जागा दोन्ही बरोबर, फक्त पोट रिकामं. यावर औषध आहे, पण ते पर्यायांच्या यादीत एका ओळीत दडलंय. --रॅपिड-व्हॅलिडेट दिलं की पूलमधली प्रत्येक फाइल तिच्या एमडी5शी ताडली जाते. सोबत --डिलीट दिलं की बिघडलेल्या पुसल्या जातात. राइटपाथ मात्र याही वेळी तोच द्यायचा, नाहीतर तो भलताच पूल तपासून सगळं आलबेल सांगेल. त्यानंतर डाउनलोडची कमांड पुन्हा चालवली की गळलेल्या फायली भरून येतात. हार्ड डिस्कवर हे सावकाश होतं, एसएसडीवर पटकन. पुन्हा चालवण्याआधी डिस्कवर जागा आहे ना ते पाहा, नाहीतर नव्या फायलीही अर्धवटच उतरतील.

जुन्या कॉम्प्युटरचा खास आजार म्हणजे मदरबोर्डवरची बटण-बॅटरी. ती संपली की मशीन चालू करताच तारीख कित्येक वर्षं मागे जाते. सुरक्षित जोडणीत सर्व्हरच्या प्रमाणपत्राची मुदत तपासली जाते. घड्याळ चुकलं की ते प्रमाणपत्र ‘अजून लागूच झालेलं नाही’ असं ठरतं आणि डाउनलोड एसएसएलच्या (त्या सुरक्षित जोडणीच्या) नावाने ओरडून थांबतं. लोक सर्व्हर बंद आहे समजतात. आधी घड्याळ पाहा. सीआर2032 ही बॅटरी कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळते.

एका घरातलं डाउनलोड दुसऱ्या घरी न्यायचं, हे तर आपल्याकडे अगदी सहज होतं. पूल त्यासाठी फार सोयीचा, कारण दोन पूल एकत्र करताना सारख्या नावाची फाइल म्हणजे सारखाच मजकूर. वर लिहिली काय, सोडून दिली काय, फरक पडत नाही. पण पेन ड्राइव्हवर पूल तसाच कॉपी करू नये. 32 जीबीच्या वरचा ड्राइव्ह एक्सफॅट या मांडणीत विंडोजवर फॉर्मॅट केला तर क्लस्टर, म्हणजे जागेचा सर्वांत छोटा तुकडा, सहसा 128 केबीचा असतो. दोन केबीची फाइलही तिथे 128 केबी जागा अडवते. अशा 10,000 फायली म्हणजे सव्वा जीबीच्या वर जागा, मजकूर मात्र जेमतेम 20 एमबी. शिवाय लहान फायली लिहिताना पेन ड्राइव्ह रांगतो. पूल, पॅकेजेस आणि रॅपिड हे तिन्ही फोल्डर एका टार फाइलमध्ये (अनेक फायलींचं एकच गाठोडं) बांधा आणि ती एकच फाइल न्या. टार दाबायच्या भानगडीत पडू नका, आतलं सगळं आधीच जीझिप केलेलं आहे, वेळ जाईल आणि आकार तेवढाच राहील. ड्राइव्ह एफएटी32 या जुन्या मांडणीत असेल तर एक फाइल चार जीबीपेक्षा मोठी मावत नाही, तेव्हा टारचे तुकडे करावे लागतील. रॅपिड फोल्डर मात्र विसरू नका. टॅग कोणत्या आवृत्तीकडे बोट दाखवतो ते त्यातच लिहिलेलं असतं.

पूल वाढत जातो, हेही लक्षात असू द्या. जुनी एसडीपी पुसली तरी तिच्या फायली पूलमध्ये तशाच राहतात, कारण त्या आणखी कुणाच्या यादीत आहेत का हे नुसत्या फाइलकडे पाहून कळत नाही. जागा फारच अडली तर हव्या त्या आवृत्तीपुरता नवा फोल्डर करून तिथे उतरवणं आणि जुना काढून टाकणं हा सरळ मार्ग, अर्थात फायबर असेल तर.

संदेशांच्या भाषेबद्दल वडोदऱ्यातल्या माणसाला बोलल्यावाचून राहवत नाही. याच शहरात 1890 साली कलाभवन निघालं, आणि तांत्रिक शिक्षण देशी भाषेतून देता येतं हे तिथे करून दाखवलं गेलं. आज पीआर-डाउनलोडरचे संदेश इंग्रजीत आहेत, आणि ती माझ्या लेखी पहिली अडचण नाही. टर्मिनलमध्ये देवनागरी आजही नीट उमटत नाही. जोडाक्षरं फुटतात, काने-मात्रे सरकतात, कारण तिथे प्रत्येक अक्षराला ठरावीक रुंदीचा चौकोन असतो. मराठी-गुजराती संदेश दाखवायची जागा म्हणजे लाँचरची खिडकी. पण भाषांतर करायला मुळात संदेश हवा. ‘त्रुटी 6’ किंवा ‘अयशस्वी’ याचं मराठी करून कुणाचं भलं होणार? पत्त्यासकट, फाइलच्या नावासकट, पुढे काय करायचं यासकट संदेश इंग्रजीत लिहिला गेला, की मराठी करायला एक दुपार पुरे.

ही कामं सी++ चे पंडितच करू शकतात असं नाही. कोड खुला आहे, आणि संदेश हे त्यातले साधे वाक्यांचे तुकडे आहेत. सयाजीराव विद्यापीठात संगणक शिकणाऱ्या कुणालाही पहिलं योगदान म्हणून ‘नकाशा सापडला नाही’ या वाक्यात शोधलेलं नाव आणि सर्व्हरचा पत्ता जोडता येईल. विकासक बहुतेक फावल्या वेळात राबतात, आणि त्यांना मशीनच्या आतलं इतकं दिसत असतं की बाहेरच्याला काय दिसत नाही हे लक्षात येत नाही. ते त्यांना सांगावं लागतं, तेही कामाला येईल असं. नुसतं ‘चालत नाही’ कळवून उपयोग नाही. दिलेली कमांड जशीच्या तशी, प्रोग्राम कुठल्या इंजिनाबरोबर आलेला आहे ते, स्क्रीनवरचा सगळा मजकूर फोटो न काढता कॉपी करून, राइटपाथ, डिस्कवरची मोकळी जागा, आणि नेट फायबर आहे की हॉटस्पॉट. खेळ सुरू होऊन कोसळत असेल तर डेटा फोल्डरातली ‘इन्फोलॉग’ नावाची मजकूर फाइलही जोडा, पण खेळ पुन्हा सुरू करण्याआधी तिची प्रत वेगळी काढून ठेवा, कारण पुढच्या खेपेला ती नव्याने लिहिली जाते.